सुरवंटांचे रान आणि एका पायाची साक्ष

देवळाच्या आवारात उभा असलेला आपला चाफा परदेशी आहे, असे कोणी म्हटले तर घरातल्या आजीबाई कानांवर हात ठेवतील. पण गोष्ट खरी आहे. पानगळीत नुसत्या जाड बोटांसारख्या फांद्या दाखवणारा, तोडल्यावर पांढरा चीक गाळणारा हा देवचाफा, मुंबई-पुण्याच्या रस्त्यांवर हिरवी छत्री धरून उभे असलेले पर्जन्यवृक्ष, आणि शेताच्या बांधावर लावतात तो गिरिपुष्प, ही सारी मंडळी मूळची उष्ण अमेरिकेतली. गेल्या काही शतकांत ती समुद्र ओलांडून आली आणि इथलीच होऊन गेली. सासरी रमलेल्या मुलीचे माहेर कसे असेल, हे कुतूहल जसे असते तसेच या झाडांचे माहेर पाहण्याचेही असावे. या दिवाळीच्या निमित्ताने वाचकांना तिथे नेण्याचे योजिले आहे. मात्र तिथे जाऊन आपण पाहणार आहोत ती झाडे नव्हेत. त्या झाडांची पाने कुरतडणारे सुरवंट!

उत्तर आणि दक्षिण अमेरिका यांना जोडणारी जी चिंचोळी पट्टी आहे, तिच्यात कोस्टा रिका हा चिमुकला देश वसला आहे. एका अंगाला पॅसिफिक, दुसऱ्या अंगाला कॅरिबियन समुद्र, आणि मधोमध ज्वालामुखींची रांग. आकार आपल्या महाराष्ट्राच्या सहाव्या हिश्श्याएवढा. या देशाने १९४८ साली आपले सैन्यच मोडीत काढले. राजधानी सान होजे. तिथून मोटारीने वायव्येला निघाले की चारपाच तासांत ग्वानाकास्ते प्रांतातले लिबेरिया गाव लागते. हा प्रांत १८२४ साली आपण होऊन कोस्टा रिकाला मिळाला, आणि दर २५ जुलैला तिथे त्याचा उत्सव होतो. ग्वानाकास्ते हे मूळचे एका झाडाचे नाव. शिरीषाच्या गोतातले हे प्रचंड झाड. त्याची शेंग माणसाच्या कानासारखी वळलेली असते, म्हणून तिथल्या जुन्या लोकांच्या भाषेत त्याला 'कानाचे झाड' म्हणत. १९५९ साली ते कोस्टा रिकाचे राष्ट्रीय वृक्ष ठरले.

या मुलखाची हवा आपल्या ओळखीची आहे. डिसेंबरपासून मेच्या मध्यापर्यंत पावसाचा थेंब नाही. वारे सुटतात, पाने गळतात, धूळ उडते आणि रान करड्या रंगाचे होते. विदर्भातले सागाचे रान मार्च-एप्रिलात पाहिलेल्यांना वेगळे काही वाटणार नाही. मग मेमध्ये पहिला पाऊस कोसळतो आणि आठ दिवसांत सारे हिरवे होते. ती हिरवी पालवी म्हणजे सुरवंटांच्या पंगतीची पाने मांडल्याची खूण!

सांता रोसाचा वाडा

लिबेरियाच्या उत्तरेस हमरस्त्याने थोडे गेले की सांता रोसाचा फाटा लागतो. इथे कौलारू छपराचा, दगडी जोत्याचा, रुंद पडव्यांचा एक जुना वाडा आहे. एके काळी तो गुरांच्या मोठ्या जहागिरीचा होता. निकाराग्वा गिळून बसलेल्या विल्यम वॉकर नावाच्या अमेरिकन साहसखोराचे भाडोत्री सैनिक २० मार्च १८५६ रोजी या वाड्यात तळ देऊन बसले असता कोस्टा रिकाच्या शेतकरी फौजेने त्यांना अवघ्या चौदा मिनिटांत पळवून लावले. त्यामुळे हा वाडा त्या लोकांना आपल्या गडकोटांसारखा प्रिय आहे. २००१ साली काही चोरट्या शिकाऱ्यांनी त्याला आग लावली, तेव्हा सारा देश हळहळला आणि वर्गण्या काढून त्यांनी तो पुन्हा उभा केला.

वाड्याभोवतीच्या जमिनीवर १९७१ साली राष्ट्रीय उद्यान झाले खरे, पण तेव्हा तिथे जंगल थोडे आणि गवत फार अशी अवस्था होती. गुरांसाठी आफ्रिकेतून आणलेले जरागुआ नावाचे गवत पुरुषभर उंच वाढे आणि दर उन्हाळ्यात पेट घेई. वणव्यात गवताचे काही बिघडत नाही, ते पावसात पुन्हा फुटते. मरतात ती झाडांची रोपे. दरवर्षी वणवा जंगलाचा काठ थोडाथोडा खात होता. मध्य अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्याला एके काळी सलग पसरलेल्या या पानगळीच्या रानांपैकी शंभरात दोन हिस्सेही धड उरले नव्हते.

डॅनियल जॅन्झन हे अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाचे प्राध्यापक. ते पहिल्यांदा या देशात आले १९६३ साली. १९७८ मध्ये रानात फिरताना ते एका घळीत पाठीवर पडले आणि त्यांच्या तीन बरगड्या मोडल्या. जवळ दवाखाना नाही, धड रस्ता नाही. तेव्हा त्यांनी पडवीतल्या डुलत्या खुर्चीला स्वतःला चादरीने बांधून घेतले आणि बरगड्या सांधेपर्यंत महिनाभर ते तिथेच बसून राहिले. डोक्यावर एक विजेचा दिवा होता. त्या दिव्यावर रात्री येणाऱ्या पतंगांची नुसती झुंबड! बसल्या बसल्या दुसरे काही करता येईना, म्हणून ते त्यांच्याकडे पाहू लागले. इतके पतंग येतात कुठून, त्यांची पिल्ले खातात काय, हा प्रश्न त्यांच्या मनाने घेतला. पत्नी विनी हॉलवॉक्स याही शास्त्रज्ञ. दोघांनी मिळून या रानातले सुरवंट गोळा करून पाळायला सुरुवात केली.

पण ज्या रानात सुरवंट राहायचे तेच जळत असेल तर अभ्यास कशाचा करणार? १९८६ च्या सुमारास या जोडप्याने आजूबाजूची पडीक कुरणे विकत घेऊन त्यांचे पुन्हा जंगल करण्याची मोहीम उभारली. देशोदेशी व्याख्याने दिली, झोळी पसरली. स्वीडनच्या सरकारनेही मोठा हात दिला. काम तसे सोपे होते: वणवे लागू द्यायचे नाहीत. जे गावकरी पूर्वी गवत पेटवीत त्यांतल्याच काहींना आग विझवण्याच्या नोकऱ्या मिळाल्या. वाऱ्याने उडणारी बीजे आधी आली, पक्ष्यांनी आणि जनावरांनी आणलेली मागाहून. आज समुद्रापासून ज्वालामुखींच्या माथ्यापर्यंत आणि पलीकडे कॅरिबियन उतारापर्यंत सुमारे १ लाख ६३ हजार हेक्टरांचा पट्टा, त्यात समुद्राचाही काही भाग, राखलेला आहे. १९९९ साली युनेस्कोने त्याला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. एक गंमत सांगितल्यावाचून राहवत नाही. १९९० नंतरच्या दशकात शेजारच्या संत्र्यांच्या रसाच्या कारखान्याची सुमारे १२ हजार टन साले एका उजाड कुरणावर ओतली. एका प्रतिस्पर्धी कारखान्याने 'हा कचरा आहे' म्हणून कोर्टात खेचले आणि काम थांबले. पुढे सोळाएक वर्षांनी लोक पाहायला गेले, तो त्या जागी इतके दाट रान माजले होते की कुरणाची पाटी शोधायला वेळ लागला!

गुसानेरोंची शाळा

स्पॅनिशमध्ये सुरवंटाला 'गुसानो' म्हणतात. त्यावरून सुरवंट जमवणाऱ्यांना 'गुसानेरो' हे नाव पडले. १९८९ पासून आसपासच्या खेड्यांतल्या स्त्री-पुरुषांना या कामाचे रीतसर शिक्षण दिले जाऊ लागले. कोणी गुराखी होते, कोणी शेतमजूर, कोणी घरसंसार सांभाळणाऱ्या बायका. विद्यापीठाची पायरी चढलेले क्वचितच कोणी. पण कोणत्या झाडाच्या कोणत्या पानामागे काय दडले असेल, हे त्यांना जितके कळते तितके पुस्तकी पंडितांना कळत नाही.

त्यांचे काम मोठे पाहण्यासारखे आहे. सकाळी रानात जायचे, सुरवंट शोधायचा, तो ज्या झाडावर सापडला त्याची डहाळी घ्यायची आणि दोन्ही एका पारदर्शक प्लॅस्टिकच्या पिशवीत घालायची. पिशवीला क्रमांक, वहीत नोंद: तारीख, जागा, झाड, सुरवंटाचा रंग. मग पिशवी दोरीवर टांगायची. आपल्याकडे पावसाळ्यात माजघरात कपडे वाळत घालतात तशा शेकडो पिशव्या छपराखाली लोंबत असतात. रोज ताजी पाने घालायची, घाण काढायची आणि वाट पाहायची. काही दिवसांनी सुरवंटाचा कोश होतो आणि कोशातून फुलपाखरू किंवा पतंग बाहेर पडतो. किंवा भलतेच कोणी! पुष्कळदा सुरवंटाला आतून पोखरून गांधीलमाशीच्या जातीच्या बारीक माश्या बाहेर येतात. तीही नोंद होते. अशा लाखो नोंदी या रानाच्या दप्तरात जमा आहेत. एवढ्या मोठ्या प्रमाणावर, इतकी वर्षे, एकाच जागी कोणी कोणाला खातो याचा हिशेब ठेवल्याचे दुसरे उदाहरण दाखवणे कठीण.

या हिशेबातच एक कोडे दडले होते. तिथे गडद तपकिरी पंखांचे, पाठीवर व पंखांच्या मुळाशी झगझगीत निळी झाक असलेले एक फुलपाखरू आहे. 'स्किपर' म्हणतात त्या कुळातले. भुर्रकन झेप घेणारे, मिशांची टोके आकडीसारखी वळलेले. अमेरिकेच्या दक्षिण टोकापासून, म्हणजे टेक्सासपासून, थेट अर्जेंटिनापर्यंत ते आढळते. त्याला १७७५ साली नाव मिळाले होते आणि तेव्हापासून अस्त्राप्तेस फुल्गेरातोर हे एकच फुलपाखरू असे सारे मानीत आले. पण गुसानेरोंच्या वह्या निराळेच सांगत होत्या. पंचवीस वर्षांत त्यांनी याचे अडीच हजारांहून अधिक सुरवंट वाढवले होते. एका झाडावरचा सुरवंट पिवळ्या पट्ट्यांचा, दुसऱ्या झाडावरचा वेगळ्याच ठिपक्यांचा. एक आपल्या टाकळ्याच्या गोतातल्या झुडपावर पोसलेला, दुसऱ्याला त्याचा वासही न खपणारा. सुरवंट वेगळे, जेवण वेगळे. पण कोशातून बाहेर पडले की सगळे एका साच्यातून काढल्यासारखे! वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयातले फुलपाखरांचे जाणकार जॉन बर्न्स यांनी ती फुलपाखरे भिंगाखाली घालून पाहिली. कुठे आकारात किंचित फरक, कुठे रंगात. पण छातीठोकपणे सांगावे असे हाती लागत नव्हते.

आईकडून आलेली वही

आता थोडा वेळ आपल्याला उत्तरेला, कॅनडात जावे लागेल. ओंटारियो प्रांतात ग्वेल्फ नावाचे शहर आहे, तिथल्या विद्यापीठात पॉल हेबर्ट हे प्राणिशास्त्रज्ञ आहेत. तरुणपणी त्यांनी न्यू गिनी बेटात पतंगांचा अभ्यास केला होता आणि प्रकारांच्या त्या अफाट गर्दीपुढे हात टेकले होते. पुढे एकदा किराणा दुकानातून जाताना त्यांच्या मनात आले: या मांडण्यांवर हजारो जिनसा आहेत, आणि प्रत्येकीची ओळख तिच्यावरच्या काळ्या रेघांच्या पट्टीने पटते. (ही पट्टी पहिल्यांदा वापरली गेली १९७४ साली, ओहायोतल्या एका दुकानात, च्युइंग गमच्या पाकिटावर.) बाराएक आकड्यांनी दुकानातला सारा माल ओळखता येतो; मग निसर्गाने प्रत्येक प्राण्यावर अशी काही पट्टी छापून ठेवली नसेल का?

ती पट्टी त्यांना सापडली, असे २००३ साली लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडले. ती कुठे आहे हे समजण्यासाठी आपल्या स्वयंपाकघराचीच उपमा घेऊ.

प्राण्याच्या शरीरातली प्रत्येक पेशी हे एक घर समजा. घराच्या माजघरात, म्हणजे पेशीच्या केंद्रकात, एक मोठा ग्रंथ कुलुपबंद असतो; त्यात शरीराच्या घडणीच्या सर्व कृती लिहिलेल्या. हा ग्रंथ निम्मा आईकडून, निम्मा वडिलांकडून येतो. पण घरात शेकडो चुलीही असतात. त्यांना शास्त्रज्ञ मायटोकॉन्ड्रिया म्हणतात. अन्न आणि श्वासातला प्राणवायू यांच्यापासून शक्ती निर्माण करण्याचे काम त्यांचे. नवल असे, की प्रत्येक चुलीपाशी तिची स्वतःची एक लहानशी वही असते. ही वही फक्त आईकडून मिळते. आई मुलांना देते आणि मुलींना देते, पण पुढे चालवतात त्या मुलीच. हातच्या चवीची कृती सुगरणीकडून लेकीला आणि लेकीकडून नातीला जावी, तसेच हे आहे.

वहीतील मजकूर चारच अक्षरांच्या लिपीत लिहिलेला असतो. माणसाच्या या वहीत १६ हजार ५६९ अक्षरे आणि ३७ पाठ आहेत. त्यांतला एक पाठ प्राणवायू वापरणाऱ्या यंत्राचा एक मुख्य भाग घडवण्याचा. त्या जनुकाला 'सायटोक्रोम ऑक्सिडेज एक' किंवा थोडक्यात 'सीओ-एक' म्हणतात. श्वास घेणाऱ्या प्रत्येक प्राण्याला हे यंत्र लागते, म्हणून हा पाठ मुंगीत आहे, माशात आहे, मोरात आहे आणि तुमच्या-आमच्यातही आहे.

मग सर्वांचा पाठ सारखाच नाही का? नाही, आणि खरी खुबी इथेच आहे. वही पिढ्यान् पिढ्या उतरवून घेताना हातून चुका होतात. चूक गंभीर असेल तर यंत्र बिघडते, प्राणी जगत नाही आणि चूक पुढे जात नाही. पण काही चुका निरुपद्रवी असतात. कृतीत 'मीठ' ऐवजी 'मिठ' लिहिले म्हणून आमटी काही अळणी होत नाही! अशा ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका पाठात साचत जातात. ज्यांचे आपसांत लग्नसंबंध होतात त्या एका जातीच्या प्राण्यांत बहुधा त्याच चुका आढळतात. दोन जाती फुटून लाखो वर्षे झाली की दोघींच्या चुका निरनिराळ्या होतात. हेबर्ट यांनी या पाठाचा साडेसहाशे अक्षरांचा एक तुकडा निवडला. एवढ्याशा तुकड्यावरून बहुतेक प्राण्यांची जात सांगता येते, असा त्यांचा दावा. शिवाय चुली शेकडो असल्यामुळे वह्याही शेकडो. संग्रहालयात सुकून पडलेल्या किड्यातूनही एखादी धड प्रत हाती लागते.

एक पाय ग्वेल्फला

आता ग्वानाकास्तेचे कोडे आणि ग्वेल्फची पट्टी यांची गाठ पडली. टाचणीला लावलेल्या प्रत्येक फुलपाखराचा एक वाळका पाय चिमट्याने उचलायचा, अगदी स्वल्पविरामाएवढा, आणि क्रमांक घालून कॅनडाला पाठवायचा. तिथे तो लहान खळग्यांच्या तबकडीत जातो: पंचाण्णव खळग्यांत पंचाण्णव जीव आणि शहाण्णवावा पडताळ्यासाठी रिकामा. मग रसायनांच्या साह्याने हव्या त्या पाठाच्या कोट्यवधी नकला काढतात आणि यंत्र अक्षरे वाचते. बाकीचे फुलपाखरू संग्रहालयात सुखरूप राहते. उद्या कोणी शंका काढलीच, तर मूळ नमुना साक्षीला हजर!

२००४ साली निकाल प्रसिद्ध झाला. गुसानेरोंच्या वह्या आणि पायांची साक्ष यांचा मेळ बसला होता. ग्वानाकास्तेत ते एक फुलपाखरू नव्हते. एका नावाखाली निदान दहा जाती नांदत होत्या. बहुतेकींचे जेवणाचे झाड, सुरवंटाचे रूप आणि आईकडून आलेली वही निराळी. रीतसर लॅटिन नावे नसल्यामुळे त्यांना घरगुती टोपणनावे दिली, तीही बहुतेक खाण्यावरून. सेल्टिस झाडावरची ती 'सेल्ट', ट्रिगोनियावरची ती 'ट्रिगो'. आपण नाही का एखाद्याला 'भजीवाले काका' म्हणून ओळखत?

पण शास्त्रात 'मम' म्हणून कोणी मान डोलवीत नाही, आणि ते बरेच आहे. २००६ साली अँड्र्यू ब्रॉवर या फुलपाखरांच्याच अभ्यासकाने तीच माहिती पुन्हा तपासून हरकत घेतली: या पुराव्यावर फार तर तीन ते सात जाती मानता येतील, काही गटांत तर फारच थोड्या अक्षरांचा फरक आहे. आणखीही अडचणी होत्या. दहांपैकी एका गटाला 'नम्ट' असे विचित्र नाव पडले होते. त्याचे कारण मौजेचे आहे. चुलीपाशच्या वहीतले एखादे पान कधीकाळी माजघरातल्या मोठ्या ग्रंथात चिकटून बसते. तिथे ते निकामी असते, पण यंत्राला कधी कधी खऱ्या पानाऐवजी तेच सापडते. शिवाय या वहीत वडिलांकडची हकीकत नसतेच. दोन जातींचा संकर झाला असेल तर वही एकाच बाजूची साक्ष देते. आणि वनस्पतींत तर हा पाठ फारच सावकाश बदलतो, म्हणून त्यांच्यासाठी २००९ साली हरितकणांतले दोन वेगळे पाठ निवडावे लागले.

वादाचा शेवटही पाहण्यासारखा झाला. आक्षेप घेणाऱ्या ब्रॉवर यांनीच २०१० साली या दहा गटांना रीतसर लॅटिन नावे दिली. नुसत्या टोपणनावांवर शास्त्राचा कारभार चालू नये, हा त्यांचा मुद्दा होता. पुढे २०१७ साली याच रानातल्या दुसऱ्या एका स्किपर फुलपाखराचा माजघरातला अवघा ग्रंथच वाचून पाहिला. पट्टीने आणि त्यांच्या राहण्याच्या जागांनी सुचवलेल्या तीनही जाती त्यात वेगळ्या निघाल्या. तात्पर्य, पट्टी ही साक्षीदार आहे, न्यायाधीश नव्हे. झाड, सुरवंट, जागा आणि माणसाची नजर हे बाकीचे साक्षीदारही तपासावेच लागतात.

फुलपाखरांपेक्षाही मोठा धक्का दिला तो त्यांच्या शत्रूंनी. सुरवंटांवर जगणाऱ्या एका गटातल्या माश्यांच्या वीस जाती माहीत होत्या. त्यांतल्या तीन जाती वाटेल त्या सुरवंटावर जगतात असा समज होता. २००६ साली पायांची तपासणी झाली तेव्हा त्या तिघींच्या जागी पंधरा निघाल्या, आणि प्रत्येकीचे आपले ठरलेले सुरवंट! 'काहीही चालते' म्हणणाऱ्या पाहुण्यांची आवड नीट विचारली की खरी यादी बाहेर पडते, त्यातलाच प्रकार. २०१४ साली चिमुकल्या गांधीलमाश्यांच्या एकाच वंशात या रानातून १८६ नव्या जाती जाहीर झाल्या, आणि त्यांतल्या कितीतरी जातींना तिथल्या गुसानेरोंची आणि कर्मचाऱ्यांची नावे दिली. राजेरजवाड्यांची आणि विद्वानांची नावे किड्यांना देण्याचा रिवाज जुना आहे. दोरीवर पिशव्या टांगणाऱ्या खेडुतांच्या नावांनी शास्त्राचे ग्रंथ भरावेत, ही गोष्ट मात्र मनाला फार बरी वाटते. २०२१ मध्ये आणखी ४०३ जाती मुख्यतः पट्टीच्याच आधारे एकदम जाहीर केल्या, तेव्हा पुन्हा मोठा गहजब झाला. इतकी घाई कशाला, असे एक पक्ष म्हणतो. दुसरा म्हणतो, वेळ उरला आहे कुठे?

पांढरी चादर

ही विद्या आपल्याकडेही रुजली आहे. चोरट्या शिकारीत सापडलेले मांस हरणाचे की बकऱ्याचे, हे शिजवल्या-सोलल्यानंतर डोळ्यांनी सांगता येत नाही. हैदराबादच्या पेशी व रेणुजीवशास्त्र केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी याच आईकडच्या वहीतल्या दुसऱ्या एका पाठावरून मूळ प्राणी ओळखण्याची रीत बसवली आणि २००३ साली ती प्रसिद्ध केली. आरोपीच्या पिंजऱ्यातला शिकारी 'बकराच होता साहेब' म्हणाला तरी हाड खरे बोलते. सह्याद्रीच्या दक्षिण भागात ओढ्यातल्या दगडावर बसून पाय झाडत नाचणारे इवलेसे बेडूक आहेत. ओढ्याच्या खळखळाटात आवाज पोहोचेना, तर पायाने खुणा करतात! २०१४ साली दिल्लीच्या शास्त्रज्ञांनी अंगलक्षणे आणि हीच आईकडची वही एकत्र वाचून त्यांच्या १४ नव्या जाती जाहीर केल्या. वणवे आपल्या डोंगरांनाही लागतात, आणि ओढे आपलेही आटतात. सह्याद्रीतल्या प्रत्येक खोऱ्यात अशी निनावी कुटुंबे किती असतील!

आता प्रश्न उरतो तो घरोघरी विचारला जाणारा: किड्यांना नावे देऊन काय साधते? एक जात आहे असे समजून आपण निश्चिंत असतो, तेव्हा एका ओढ्याकाठची नऊतली एक संपली तरी आपल्याला पत्ता लागत नाही. नाव नसेल तर मोजणी नाही, आणि मोजणी नसेल तर गेल्याची खबरही नाही.

ही केवळ तर्काची गोष्ट नव्हे. सांता रोसात रात्री दिव्यामागे पांढरी चादर टांगून पतंग मोजण्याची जुनी पद्धत आहे. त्याच ठिकाणची अशी छायाचित्रे १९८४, १९९५, २००७ आणि २०१९ सालची आहेत. पहिल्या छायाचित्रात चादर दिसत नाही, इतके पतंग. मग ते विरळ होत जातात आणि शेवटच्या छायाचित्रात चादर जवळजवळ कोरी आहे. जंगल वाढले, वणवे थांबले, कोणी औषध फवारले नाही. तरी ही दशा. जॅन्झन दांपत्य याचे कारण बदलत्या हवेत पाहते. १९६३ साली चार महिन्यांचा असलेला कोरडा हंगाम सहा महिन्यांपर्यंत लांबला आहे आणि पाऊस वेळेचे भान सोडून येतो. पहिल्या सरीच्या खुणेवर कोशातून बाहेर पडायचे, हा ज्यांचा लाखो वर्षांचा पायंडा, त्यांनी करावे तरी काय? पुस्तकांची यादी अजून अर्धीही झालेली नाही आणि ग्रंथालयाला वाळवी लागली आहे.

अशाही स्थितीत पिशव्या टांगल्या जात आहेत आणि पाय ग्वेल्फला जात आहेत. जॅन्झन यांचे एक जुने स्वप्न आहे: शाळकरी मुलाच्या हातात खिशात मावेल असे यंत्र असावे, त्यात किड्याचा पाय घातला की त्याचे नाव, जेवण आणि गणगोत समोर यावे. अक्षरे वाचता आली की माणूस साक्षर होतो, तसे भोवतालचे जीव वाचता आले की तो जीवसाक्षर होईल, आणि जे वाचता येते ते फाडून टाकायला हात धजत नाही, असे त्यांना वाटते. अक्षरे वाचणारी तळहाताएवढी यंत्रे आता खरोखरच निघाली आहेत. त्यांच्या किमती उतरतील तेव्हा उतरोत. डोळे आणि वही यांना पैसे पडत नाहीत.

दिवाळीत अंगणात पणत्या लागतील. त्यांच्यावर कोण कोण येते ते मुलांना पाहू द्या. किती आले ते वहीत मांडू द्या आणि पुढल्या दिवाळीला पुन्हा मांडू द्या. आजोबांना विचारा, त्यांच्या लहानपणी दिव्याभोवती किती किडे जमत. दारच्या चाफ्यावर एखादा सुरवंट दिसलाच तर त्याला झटकून टाकण्याआधी क्षणभर थांबा. त्याच्या पायात एका फार जुन्या घराण्याची, आईकडून लेकीकडे आलेली वही आहे. आणि ती अजून कोणी वाचलेली नसेल.